बंद लष्करी तळावर राखीव दलाचं आवार ठेवायचं तर: आखणी आणि खर्च, पायरीपायरीने

जानेवारीतली सकाळ. रात्रभर बर्फ पडून गेला होता. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका बंद झालेल्या लष्करी तळावर मी इमारतींची मोजणी करायला गेलो होतो. चहूकडे पांढरंशुभ्र, आणि त्यातून ओल्या हिरव्या गवताचा दोन-तीन फूट रुंद पट्टा सरळ निघून लांबवरच्या तीन इमारतींपर्यंत गेलेला. सोबत तळावरचा जुना देखभाल कामगार होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो म्हणाला, "खाली वाफेची लाइन आहे." हजारो सैनिकांसाठी बांधलेलं बॉयलरघर अजून चालू होतं, कारण टोकाच्या त्या तीन इमारती राखीव दलासाठी ठेवल्या होत्या. तिथे महिन्यातून एका शनिवार-रविवारी माणसं येत. त्यांच्यासाठी निघालेली वाफ मैलभर जमिनीखालून जाताना वाटेतलं गवत ऊबदार ठेवत होती. त्या हिरव्या पट्ट्याचं बिल दरवर्षी कुणीतरी भरत होतं, आणि तळ बंद करून किती पैसे वाचले हे सांगणाऱ्या कोष्टकात त्याला रकानाच नव्हता.

मी सिव्हिल इंजिनीअर. बंद तळांच्या पुनर्विकासाच्या कामात बरीच वर्षं घालवली. अमेरिकेत नगरपालिका, काउंटी, सल्लागार कंपन्या अशा ठिकाणी काम करणारी मराठी माणसं भरपूर आहेत आणि हा विषय त्यांच्या टेबलावर अचानक येऊन पडतो. मला आला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत नको असलेले लष्करी तळ बंद करण्याच्या आतापर्यंत पाच फेऱ्या झाल्या: १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५. १९९० च्या कायद्याने ठरवून दिलेली पद्धत अशी, की संरक्षण खातं यादी देतं, स्वतंत्र आयोग ती तपासून बदलतो, राष्ट्राध्यक्ष ती संपूर्ण स्वीकारतात किंवा संपूर्ण परत पाठवतात, आणि संसदेने ठरावीक मुदतीत ती फेटाळली नाही तर ती लागू होते. एकेका तळासाठी वेगळी घासाघीस नको म्हणून ही सोय. पहिल्या चार फेऱ्यांत ९७ मोठे तळ बंद झाले. पण 'बंद' झालेल्या कित्येक तळांच्या आत एक तुकडा चालूच राहिला, नॅशनल गार्डसाठी किंवा राखीव दलांसाठी. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखालचं आणि गरजेला संघ सरकारच्या कामी येणारं दल. इतर राखीव दलं थेट संघ सरकारची. या उरलेल्या तुकड्याला तिथे एन्क्लेव्ह म्हणतात. मी त्याला राखीव आवार म्हणेन.

आवार ठेवणं चुकीचं नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. इतर दिवशी बँकेत, शाळेत, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला सैनिक म्हणून तयार ठेवायचं तर त्याच्या घरापासून गाठता येईल अशी सरावाची जागा लागतेच. प्रश्न किती ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर, एवढाच आहे.

पायरी १: 'किमान आवश्यक' म्हणजे किती, ते निर्णयाआधी लिहून घ्या

१९९५ च्या आयोगाने आर्कान्सामधला फोर्ट चॅफी आणि व्हर्जिनियातला फोर्ट पिकेट बंद करायला सांगितलं. त्या शिफारशींत एक अपवाद होता: राखीव दलांच्या प्रशिक्षणासाठी 'किमान आवश्यक' इमारती, गोळीबाराची मैदानं आणि सरावाची जमीन सोडून. वाचणाऱ्याला वाटावं, थोडंसं ठेवून बाकी सगळं गावाला मिळणार. प्रत्यक्षात चॅफीच्या सुमारे ७२,००० एकरांपैकी ६५,००० च्या आसपास गार्डच्या सरावासाठी राहिले आणि ७,००० च्या आसपास स्थानिक पुनर्विकास संस्थेकडे आले. पिकेटचंही तसंच. बहुतेक जमीन व्हर्जिनियाच्या गार्डकडेच राहिली.

यात कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. रणगाडे आणि तोफांच्या सरावाला जमीन लागते, आणि कागदावर ती रिकामी दिसते तेवढी रिकामी नसते. पण आयोगाने मत दिलं तेव्हा नक्की किती एकर आणि कोणत्या इमारती, हे पक्कं झालेलं नव्हतं. ते नंतर ठरलं. संसदेच्या वतीने सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने जून २००३ च्या अहवालात यावरच बोट ठेवलं. लष्कराची काही आवारं आयोगाच्या समजुतीपेक्षा बरीच मोठी निघाली, आणि पुढच्या फेरीआधी ही आखणी सुधारा, असं त्या संस्थेने सुचवलं.

म्हणून पहिलं काम हे. तुम्ही गावाच्या बाजूने असा की दलाच्या, निर्णय व्हायच्या आत एक दोन पानी कागद तयार करा. त्यावर इमारतींचे क्रमांक, एकर, गोळीबाराच्या मैदानांची यादी, रस्ते आणि फाटकं. 'सुमारे', 'आवश्यकतेनुसार', 'इत्यादी' हे शब्द त्यात येऊ देऊ नका. जास्त जमीन हवी असेल तर तसं उघड मागावं, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. गावाला नंतर कळलं की नाराजी वर्षानुवर्षं टिकते आणि शेजार मात्र सोडता येत नाही.

पायरी २: एकर नंतर, आधी माणसं आणि दिवस मोजा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. राखीव सैनिकाचं वर्ष साधारण असं असतं: महिन्यातून एक शनिवार-रविवार, म्हणजे २४ दिवस, आणि उन्हाळ्यात सलग दोन आठवडे, धरा १५ दिवस. एकूण ३९. वर्षाचे उरलेले सव्वातीनशे दिवस त्या पलटणीची वर्गखोली रिकामी.

यातून लगेच एक गोष्ट सुचते. महिन्याला चार शनिवार-रविवार असतात, तेव्हा एकच सभागृह आणि त्याच वर्गखोल्या चार पलटणी आळीपाळीने वापरू शकतात. प्रत्येक दलाने आपली वेगळी इमारत मागितली तर नकाशावर चार इमारती येतात आणि चारही बहुतेक दिवस कुलूपबंद राहतात. २००५ च्या फेरीत वेगवेगळ्या दलांची विखुरलेली केंद्रं मोडून एकत्रित केंद्रं बांधायचं ठरलं. अशी १२५ केंद्रं त्या यादीत होती. त्यामागे हाच हिशेब होता.

पण दुसरी बाजू नीट बघा. माणसं ३९ दिवस येतात, ट्रक ३६५ दिवस तिथेच असतात. शस्त्रागाराला रोज पहारा लागतो. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये पूर्णवेळ मेकॅनिक सोमवार ते शुक्रवार काम करतात. म्हणून इमारतींचे दोन गट करा: माणसांच्या आणि सामानाच्या. माणसांच्या इमारती वाटून घेता येतात, हिवाळ्यात मधल्या दिवसांत जेमतेम पाइप गोठणार नाहीत एवढ्याच उबेवर ठेवता येतात. सामानाच्या इमारतींना वाटणी चालत नाही आणि सुट्टीही नाही. हे दोन गट एकाच यादीत मिसळले की सगळा हिशेब चुकतो.

मग एक साधा भागाकार करा. समजा ६०० सैनिकांचं दल आहे. ६०० गुणिले ३९ म्हणजे २३,४०० माणूस-दिवस. समजा आवाराचा वार्षिक चालू खर्च २४ लाख डॉलर आहे. तर एका सैनिकाच्या एका दिवसाच्या सरावामागे सुमारे १०३ डॉलर फक्त जागेचे. आता तेवढ्याच आकाराची आणखी दोन दलं तिथेच आली आणि खर्च वाढून ३० लाखांवर गेला असं धरा. माणूस-दिवस ७०,२०० होतात आणि दर ४३ डॉलरच्या खाली येतो. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या तळाचे घाला. पण हा भागाकार न करता कुणी 'आवार स्वस्त पडतं' किंवा 'महाग पडतं' असं म्हणत असेल तर ते नुसतं मत झालं.

तुलना कशाशी करायची? शेजारच्या चालू तळाशी. तिथे जायला बस, डिझेल आणि वेळ लागतो. एका शनिवार-रविवारात चार-चार तासांची चार सत्रं धरली जातात, म्हणजे १६ तास. जाण्यायेण्यात आठ तास गेले तर निम्मा सराव रस्त्यावर संपला. हा तोटा डॉलरमध्ये मांडायला लोक कंटाळतात, पण आवाराच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा तोच आहे. दूर जावं लागतं म्हणून नोकरदार माणसं दल सोडतात, तेही यात धरा.

पायरी ३: कुंपण शेवटी आखा, पण आकार आधीपासून डोक्यात ठेवा

एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. जागा चौकोनी असेल तर चार मैल कुंपण पुरतं. तेवढीच जमीन लांबट पट्टीसारखी, म्हणजे लांबी रुंदीच्या आठपट असेल, तर कुंपण सहा मैलांच्या वर जातं. आणि तेच ६४० एकर १६० एकरांच्या चार सुट्या तुकड्यांत ठेवले तर आठ मैल. जमीन तेवढीच, कुंपण दुप्पट. शिवाय चार फाटकं, चार पहारे, चार कॅमेरे आणि बर्फ उपसायला चार रस्ते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सुटे तुकडे का पडतात? चांगली इमारत उत्तरेला, वर्कशॉप दक्षिणेला, इंधनाच्या टाक्या मध्ये. आणि प्रत्येकाला आपली सवयीची जागा हवी. अशा वेळी थोडा एकरकमी खर्च करून एक इमारत सोडून द्यावी, दुसरीकडे नवी बांधावी, आणि सगळं एका कोपऱ्यात आणावं. हे सुचवलं की आधी विरोध होतो, कारण बांधकामाचा पैसा एकाच वर्षात डोळ्यांत भरतो आणि देखभालीचा पैसा तीस वर्षं थेंबाथेंबाने जातो. दोन्ही एकाच कागदावर मांडून दाखवा.

हद्दीला निसर्गाची किंवा रस्त्याची मदत मिळाली तर घ्या. मॅसॅच्युसेट्समधला फोर्ट डेव्हन्स १९९६ मध्ये बंद झाला. तिथे दोन क्रमांकाचा राज्यमार्ग तळ दुभागतो. रस्त्याच्या दक्षिणेचा गोळीबार आणि सरावाचा भाग राखीव दलांकडे राहिला आणि उत्तरेकडच्या बऱ्याच भागात उद्योग आणि घरं आली. त्यासाठी राज्याने १९९३ मध्येच खास कायदा केला होता, म्हणजे तळ बंद व्हायच्या आत तीन वर्षं. ती घाई पुढे किती उपयोगी पडली, हे परवानग्यांच्या मागे धावलेल्या कुणालाही विचारा.

हद्द आखताना आवाजही नकाशावर काढा. कुंपण आवाराचं असतं, तोफेचा आवाज कुंपण मानत नाही. विमानतळ असेल तर धावपट्टीच्या दोन्ही टोकांना अपघाताची शक्यता जास्त असलेले पट्टे असतात. तिथे शाळा, दवाखाना, दाट घरं येता कामा नयेत. ही जमीन आवाराच्या बाहेर, बहुतेकदा नगरपालिकेच्या हद्दीत असते. तिचं झोनिंग आज केलं नाही तर दहा वर्षांनी नवी वस्ती तक्रार करणार आणि राखीव दलाला रात्रीचा सराव सोडावा लागणार.

पायरी ४: पाणी, सांडपाणी, वीज, उष्णता

इथंच घोडं पेंड खातं. तळ म्हणजे एक शहर असतं आणि शहराच्या नळांना कुंपण कळत नाही. दहा हजार माणसांसाठी टाकलेल्या मोठ्या पाइपांतून तीनशे माणसांपुरतं पाणी वाहू लागलं की ते पाइपातच शिळं होतं, क्लोरीन उडून जातं, आणि मग ठरावीक दिवसांनी हायड्रंट उघडून चांगलं पाणी रस्त्यावर सोडून द्यावं लागतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचंही तसंच. त्यातले जिवाणू रोजच्या आवकेवर जगतात. महिनाभर जवळजवळ काही नाही आणि एका शनिवारी अचानक सहाशे माणसांचं, असं झालं की केंद्र नीट चालत नाही. असं केंद्र आवारासाठी चालू ठेवण्यापेक्षा शहराच्या मलवाहिनीला जोडून घेणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं.

करायच्या गोष्टी अशा. प्रत्येक वाहिनीचा नकाशा काढा आणि ती कुठून येते, कुठे जाते, वाटेत कुणाच्या जमिनीतून जाते हे लिहा. जुन्या नकाशांवर विसंबू नका. मी पाहिलेल्या एका तळावर जुन्या नकाशात नसलेली पाण्याची लाइन नव्या गोदामाचा पाया खणताना फुटली आणि आवारात पाणी बंद झालं, नेमकं सराव असलेल्या शनिवारी. जी वाहिनी दुसऱ्याच्या जमिनीतून जाते तिच्यासाठी वहिवाटीचा हक्क जमीन देण्याआधीच लिहून घ्या. जमीन गेल्यावर तोच हक्क विकत घ्यावा लागतो.

वीज आणि गॅस यांना स्वतंत्र मीटर बसवा. लष्करी तळांवर प्रत्येक इमारतीला मीटर नसतो, कारण सगळं एकाच मालकाचं असायचं. मीटर नसेल तर खर्चाची वाटणी क्षेत्रफळावर होते, आणि रिकाम्या इमारतीचा मालक आणि रोज चालणारं वर्कशॉप दोघांना एकच दर लागतो. त्यावरून भांडणं होणारच. वाफेचं मध्यवर्ती बॉयलरघर असेल तर ते बंद करून ठेवलेल्या प्रत्येक इमारतीत छोटी भट्टी बसवण्याचा खर्च काढा. मी सुरुवातीला सांगितलेल्या तळावर शेवटी तेच केलं. पुढच्या हिवाळ्यात तो हिरवा पट्टा नव्हता. तिथे बर्फ एकसारखा होता, आणि मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

पायरी ५: धावपट्टी असेल तर मालक कोण, हे आधी

हवाई तळांचा खर्च वेगळ्या जातीचा असतो. धावपट्टी, दिवे, टॉवर, दिशादर्शक यंत्रणा, पक्षी हाकलणं, बर्फ उपसणं, आणि विमानांसाठीचं अग्निशमन दल. दिवसाला दोन विमानं उतरोत की दोनशे, यातला बराच खर्च तोच राहतो.

दोन नमुने आहेत. पहिल्यात धावपट्टी राखीव दलाकडे आणि नागरी विमानं पाहुणी. कॅलिफोर्नियातला मार्च तळ असाच. १९९३ च्या फेरीत निर्णय झाला, १ एप्रिल १९९६ ला तो हवाई राखीव तळ झाला, आणि बाहेरच्या जमिनीसाठी रिव्हरसाइड काउंटी आणि मोरेनो व्हॅली, पेरिस, रिव्हरसाइड या तीन शहरांनी मिळून संयुक्त प्राधिकरण काढलं. इंडियानातला ग्रिसमही राखीव दलाकडेच आहे. दुसऱ्या नमुन्यात धावपट्टी नागरी संस्थेची आणि लष्कर भाडेकरू. ओहायोतलं रिकेनबॅकर आणि न्यू हॅम्पशायरमधलं पीझ हे तसे. पीझला तर अदलाबदलीची सुरेख सोय आहे: एअर नॅशनल गार्डचं अग्निशमन दल नागरी विमानांनाही सेवा देतं. एकाच कामासाठी दोन बंब उभे नाहीत.

माझं मत दुसऱ्या नमुन्याकडे झुकतं. ज्याच्याकडे रोजची वाहतूक आहे त्याने धावपट्टी सांभाळावी. मालवाहू विमानांच्या उतरण्याच्या शुल्कातून पैसा येतो, आणि राखीव दलाला आपल्या तुटपुंज्या चालू निधीतून डांबर घालत बसावं लागत नाही. पण हे तिथेच जमतं जिथे नागरी वाहतूक खरोखर येणार आहे. फ्लोरिडातल्या होमस्टेडचं उदाहरण लक्षात ठेवा. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळाने तो तळ उद्ध्वस्त केला, पुढच्या वर्षीच्या फेरीत तो राखीव दलाकडे वळवला गेला, आणि उरलेल्या जागेत मोठा व्यापारी विमानतळ होईल या आशेवर स्थानिक योजना उभी राहिली. एकीकडे एव्हरग्लेड्स आणि दुसरीकडे बिस्केन ही दोन राष्ट्रीय उद्यानं. वर्षानुवर्षं वाद चालला आणि २००१ च्या जानेवारीत हवाई दलाने त्या विमानतळाला नकार दिला.

आणि धावपट्टीची गरज खरंच आहे का, तेही विचारा. पेनसिल्व्हेनियातला विलो ग्रोव्ह २००५ च्या फेरीत गेला आणि २०११ मध्ये बंद झाला. त्याच्या कडेला हॉर्शमचं एअर गार्ड केंद्र राहिलं. तिथली तुकडी दूरवर उडणारी चालकविरहित विमानं जमिनीवरून चालवते. त्यांना पायाशी धावपट्टी लागतच नाही.

पायरी ६: जमिनीत काय आहे

गोळीबाराच्या मैदानात न फुटलेला दारूगोळा असतो. इंधनाच्या टाक्यांखाली तेल मुरलेलं असतं. अग्निशमनाच्या सरावात वापरलेल्या फेसातली पीएफएएस रसायनं भूजलात उतरतात. पीझच्या हेवन नावाच्या विहिरीचा उपसा याच कारणाने २०१४ मध्ये थांबवावा लागला, आणि हॉर्शम परिसरातल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीही त्याच वर्षी बंद कराव्या लागल्या. दोन्ही ठिकाणी लष्करी आवार चालू आहे आणि शेजारी माणसं राहतात.

हिशेबाच्या दृष्टीने एक सापळा इथे आहे. तळ बंद करण्याच्या खर्चाची तुलना करायला संरक्षण खातं कोब्रा नावाचं गणिती प्रारूप वापरतं. त्यात प्रदूषण साफ करण्याचा खर्च धरत नाहीत, कारण तळ चालू राहो की बंद होवो, साफसफाई करावीच लागणार, असा युक्तिवाद आहे. युक्तिवादात तथ्य आहे. पण प्रत्यक्षात वेळापत्रक बदलतं. चालू मैदानात दारूगोळा तसाच राहू शकतो, गावाला द्यायच्या जमिनीत राहू शकत नाही. म्हणून तुमच्या स्वतःच्या कोष्टकात हा रकाना ठेवा. आवारात राहणारी आणि बाहेर जाणारी जमीन वेगवेगळी लिहा, आणि नंतर प्रदूषण सापडलं तर ते संघ सरकारने साफ करायचं, ही कायद्यातली हमी हस्तांतराच्या दस्तात शब्दशः आहे ना, ते वकिलाकडून तपासून घ्या.

रिकाम्या इमारतींबद्दल एकच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लाकडी बराकी 'बघू पुढे' म्हणून उभ्या ठेवू नका. चॅफीमध्ये २००८ च्या जानेवारीत सोसाट्याच्या वाऱ्यात आग लागली आणि शंभराहून जास्त जुन्या इमारती जळाल्या. पाडायचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात आधी घाला.

पायरी ७: पैसा कुठल्या खिशातून

खर्चाचे तीन ढीग करा. एकरकमी: कुंपण, मीटर, नव्या जोडण्या, इमारत हलवणं, पाडकाम. दरवर्षीचे: ऊर्जा, पाणी, पहारा, अग्निशमन, गवत, बर्फ, कर्मचारी. आणि तिसरा, जो सगळे विसरतात: मोठी दुरुस्ती. छप्पर वीस वर्षांनी जातं, डांबर त्याहून आधी. दरवर्षी त्याचा हिस्सा बाजूला टाकला नाही तर एक दिवस आवार गळू लागतं आणि निधी नसतो.

मग प्रत्येक ओळीसमोर देणाऱ्याचं नाव लिहा. तळ बंद करण्याच्या खास खात्यातले पैसे त्या कामापुरतेच आणि मुदतीचे असतात. कायद्याने ही कामं सहा वर्षांत संपवायची असतात. त्यानंतरचं सगळं राखीव दलाच्या नेहमीच्या देखभाल निधीतून किंवा राज्याकडून. चॅफीसारख्या ठिकाणी जमीन संघ सरकारच्या नावावर आणि वापराचा परवाना राज्याच्या गार्डला, अशी व्यवस्था असते. तिथे कोणत्या इमारतीचा किती हिस्सा कुणी द्यायचा हे करारात इमारतवार लिहिलेलं असावं. संघाचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं १ जुलैला. मधल्या तीन महिन्यांत बिल आलं तर कुणी भरायचं? हेही लिहा. क्षुल्लक वाटतं, पण मी यावरून दोन कार्यालयांना वर्षभर पत्रव्यवहार करताना पाहिलं आहे.

अंदाज चुकतातच, म्हणून तरतूद ठेवा. २००५ च्या फेरीचा एकरकमी खर्च सुरुवातीला २१ अब्ज डॉलर धरला होता, तो ३५ अब्जांवर गेला. बांधकाम वाढत गेलं हे त्याचं मोठं कारण. तुमच्या आवाराच्या अंदाजात बांधकामावर २० टक्के तरी मोकळे सोडा, ही माझी कामातून आलेली सवय.

आणि उलटा धोकाही मोजा: आवार उठूनही जाऊ शकतं. टेक्ससमधला बर्गस्ट्रॉम तळ १९९१ च्या फेरीत गेला तेव्हा हवाई राखीव दलाची तुकडी तिथे राहणार असं ठरलं होतं. १९९५ च्या फेरीत तीही गेली. ऑस्टिन शहराने तिथे विमानतळ उभारला आणि मे १९९९ मध्ये तो प्रवाशांसाठी उघडला, म्हणून शहराचं नुकसान झालं नाही. पण पाण्याच्या किंवा बंबाच्या खर्चात आवाराचा हिस्सा धरून तुम्ही तीस वर्षांचं कर्ज काढलं असेल, तर आवार गेल्यावर तो हिस्सा कुणाचा, याचं कलम करारात हवं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, पण छावणी मंडळांचा नागरी भाग नगरपालिकांना जोडायची प्रक्रिया सुरू आहे. हिमाचलमधलं योल २०२३ मध्ये पहिलं ठरलं. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात छावणी मंडळं महाराष्ट्रात आहेत. तिथे लष्कराचा भाग लष्करी स्थानक म्हणून राहणार आणि बाजारपेठ, वस्ती पालिकेकडे जाणार. कायदे वेगळे, पण जलवाहिनी कुणाची, गटार कुठे जोडायचं, रस्ता रात्री बंद करायचा का, हे प्रश्न तेच. चौथी पायरी तरी जशीच्या तशी उपयोगी पडेल.

पायरी ८: हस्तांतराचा दिवस

सह्या झाल्या की लोक फोटो काढून निघून जातात. त्याआधी तीन गोष्टी करा. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने मिळून हद्दीवरून पायी फेरी मारा आणि प्रत्येक खांबाचा क्रमांक नकाशावर लिहा. गाडीतून नको, पायीच. दुसरं, किल्ल्या. तळावर शेकड्यांनी किल्ल्या असतात, आणि कोणती कुठली हे सांगणारा माणूस बहुधा त्याच आठवड्यात निवृत्त होत असतो. त्याला आणखी एक महिना पगार देऊन थांबवून घ्या. तिसरं, पाणी, वीज, गॅस या सगळ्यांचे मीटर त्याच दिवशी, त्याच तासाला, दोघांनी शेजारी उभं राहून वाचा, आकडे एका कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. वर्षभराने पुन्हा त्याच तारखेला तीच फेरी, तेच मीटर, आणि या वेळी पहिल्या पायरीतला तो दोन पानी कागद सोबत न्या.